ब्लूटूथच्या सहा आकड्यांचे काम

दोन फोन ब्लूटूथने जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या उमटते आणि ती जुळते का, असे विचारले जाते. बहुतेक जण न पाहताच ‘हो’ दाबतात. आम्हीही बरीच वर्षे तेच करीत होतो. काहींना मात्र ती संख्या गुप्त वाटते व ते पडदा झाकतात. प्रत्यक्षात ती शेजाऱ्याने वाचली तरी काही बिघडत नाही.

पूर्वी तसे नव्हते. चार आकडी गुप्त संख्या दोन्हीकडे टाइप करावी लागे आणि तिच्यावरच सारी गुप्तता अवलंबून असे. अशा संख्या 10,000च. जोडणीच्या वेळचे संदेश हवेतून टिपून घ्यायचे आणि संगणकाने एकेक संख्या लावून पाहायची. यानिव्ह शाकेड व अविशाय वूल यांनी 2005 मध्ये दाखविले की, यास एक सेकंदही लागत नाही!

2007 मध्ये नवी रीत आली. तिचे तत्त्व फळ्यावर पाहता येईल. 2 आणि 11 या संख्या सर्व वर्गाला ठाऊक आहेत. अनिलने मनात 3 धरले. 2चा तिसरा घात 8. 11ने भागून बाकी 8. ती त्याने मोठ्याने सांगितली. सुनीताने 4 धरले. 2चा चौथा घात 16, बाकी 5. तिनेही ती सांगितली. आता अनिल 5चा तिसरा घात करतो : 125, बाकी 4. सुनीता 8चा चौथा घात करते : 4096, बाकी 4. दोघांची किल्ली एकच, आणि ती कोणी उच्चारलेली नाही. (ब्लूटूथमध्ये प्रचंड संख्या व निराळे गणित वापरतात, म्हणून ऐकणाऱ्याला मनातली संख्या शोधता येत नाही.)

पण दोघांच्या मध्ये तिसराच बसला तर? तो अनिलला म्हणतो, ‘मी सुनीता’, आणि सुनीताला म्हणतो, ‘मी अनिल’. दोघांशी वेगवेगळी किल्ली ठरवून तो सर्व निरोप वाचून पुढे पाठवतो. गणिताला हे कळत नाही. सहा आकडे येथे कामास येतात. देवाणघेवाणीत जे सांगितले व जे ऐकले, त्यावरून प्रत्येक फोन ती संख्या काढतो. मध्ये कोणी असेल तर दोन्ही पडद्यांवरील संख्या वेगळ्या येतात. योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. ही तुलना माणसाच्या डोळ्यांनीच करावी लागते.

हेडफोनला पडदाच नसतो. तेथे ही तपासणी होत नाही, म्हणून त्याची पहिली जोडणी गर्दीत न करता घरी करावी.