किनाऱ्यावरील शंख-शिंपल्यांची ओळख

भरती ओसरली की कोकणातील पुळणीवर शंख-शिंपल्यांची एक लांबच लांब रेघ उमटते. वरवर पाहता हा समुद्राने टाकून दिलेला केर वाटतो. वस्तुतः समोरच्या पाण्यात कोणते प्राणी नांदतात, याची ती नोंदवहीच होय. ती वाचता येण्यास महागडी साधने लागत नाहीत. काही मोजक्या खुणा माहीत असल्या म्हणजे पुरे.

शंख आणि शिंपले ही मृदुकाय प्राण्यांची घरे. प्राणी आपल्या शरीरातून पाझरणाऱ्या चुनखडीच्या द्रव्याने हे कवच बांधतो व स्वतःबरोबर ते वाढवीत नेतो.

दोन पाखांचे शिंपले

कवचास बिजागरीने जोडलेली दोन पाखे असतील तर तो शिंपला. बाहेरील बाजूस वाढीच्या वर्तुळाकार रेषा दिसतात; परंतु खरी ओळख आतील बाजूस पटते. तिसऱ्यांच्या शिंपल्यात बिजागरीशी थोडे पण ठळक दात असतात आणि स्नायूंचे दोन वण असतात. वणांना जोडणाऱ्या रेषेस खोल खाच असेल, तर तो प्राणी वाळूत खोल पुरून राहणारा समजावा. ज्याच्यावर उभ्या पन्हाळी असून बिजागरी सरळ व बारीक दातांची असते, तो आर्का कुळातील. कालवाचे पाख खडबडीत, वेडेवाकडे असते, कारण एका पाखाने ते खडकास कायमचे चिकटलेले असते. त्यात स्नायूचा वण एकच असतो. चपटा, गोल व अर्धपारदर्शक शिंपला हा गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसविला जाई तो.

एकसंध शंख

पिळदार, एकसंध कवच हे गोगलगाईच्या वर्गातील प्राण्यांचे. मळसूत्रासारखा लांब, टोकदार शंख टरिटेलाचा. गुंडीएवढा, चकचकीत व नाना रंगांचा अंबोनियमचा. कवडीचे पीळ पूर्ण वाढीनंतर दिसेनासे होतात आणि खाली दातेरी फट तेवढी उरते. शंकूच्या आकाराचा शंख जिवंत आढळल्यास मात्र हात लावू नये. त्यातील प्राण्याचा दंश विषारी असतो.

वाळूत सापडणारे पांढरे, हलके समुद्रफेन हा फेस नसून माकुळासारख्या प्राण्याच्या शरीरातील कवच होय.

पुष्कळ शिंपल्यांवर एक वाटोळे, नेटके छिद्र आढळते. छिद्राची कड उतरती असेल तर तो शिंपला नॅटिका नावाच्या चेंडूसारख्या शंखातील प्राण्याने पोखरून खाल्लेला असतो. अशी छिद्रे मोजावयास लावली, तरी विद्यार्थ्यांस भक्ष्य आणि भक्षक यांचा धडा वाळूवरच मिळतो.

दक्षिणावर्ती शंखाचा प्रश्न

बहुतेक शंख टोक वर व तोंड आपल्याकडे धरले असता उजवीकडे उघडतात. शास्त्रज्ञ त्यांस उजवे म्हणतात. पूजेतील शंख मात्र निमुळती चोच वर धरून पाहतात. म्हणून शास्त्राचा डावा शंख परंपरेचा दक्षिणावर्ती ठरतो. पूजेच्या शंखात असा नमुना अत्यंत दुर्मिळ असल्याने फसवणुकीस वाव मिळतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील एका जातीचे शंख स्वभावतःच डावे असतात व ते दक्षिणावर्ती म्हणून विकले जातात. खऱ्या पूजेच्या शंखाच्या मुखात आतील खांबावर तीन-चार ठळक वळ्या असतात. त्या अमेरिकन शंखात नसतात. खरेदीपूर्वी एवढे पाहिले तरी मोठे नुकसान टळेल.

संग्रह करताना

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या परिशिष्टांत २००१ मध्ये काही मृदुकाय जातींचा समावेश करण्यात आला. महाकाय शिंपले, ट्रायटन शंख व शिंगाळ हेल्मेट शंख त्यांत येतात. त्यामुळे शोभेच्या दुकानातील प्रत्येक शंख निर्वेध समजू नये. रिकाम्या वाटणाऱ्या शंखातही पुष्कळदा शंखवासी खेकडा राहत असतो. त्याला स्वतःचे कवच नसल्याने तेच त्याचे एकमेव घर असते.

शाळेसाठी संग्रह करताना प्रत्येक जातीचा एकच रिकामा नमुना घ्यावा. त्यासोबत ठिकाण, दिनांक, वाळू की खडक, आणि मच्छीमारांकडून मिळालेले स्थानिक नाव लिहावे. चिठ्ठीवाचून शंख म्हणजे केवळ शोभेची वस्तू. चिठ्ठीसह तोच शंख गावाच्या किनाऱ्याचा पुरावा ठरतो. दरवर्षी अशी नोंद ठेवणाऱ्या गावास, खाडीतील तिसऱ्या कमी होऊ लागल्या तर ते प्रथम आपल्याच वहीत दिसेल, आणि उपाय योजण्यास वेळही हाती राहील.