लांबच्या विमानातून घरी येताना

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणाहून परतताना आमच्या गटातल्या काकींना लंडनच्या विमानतळावर पास बदलून पुढची ऐसपैस जागा दिली. पैसे मागतील म्हणून त्या घाबरल्या. साध्या जागांची तिकिटं जास्त विकली गेली, की कंपनी कधी कधी आपणहून असं करते. त्याचे पैसे लागत नाहीत. नऊ तास पाय पसरून झोपता येतं. मात्र ‘पुढची जागा हवी का?’ असं विचारलं, तर आधी किंमत विचारूया.

मुंबईत विमान बदलून मोपाला यायचं असेल, तर बॅगेच्या चिठ्ठीवर गोवा लिहिलेलं असलं तरी ती मुंबईतच पट्ट्यावरून उचलायची, कस्टममधून न्यायची आणि पुन्हा कंपनीकडे द्यायची. मोपाहून कुणकेश्वरला गाडीने.