पार्टनर 40 हजार, मग डिलिव्हरीची तारीख कुणाची?

हँडमेड वस्तूंचं कॉस्टिंग आपण व्हिडिओत पाहिलंच. आज त्यातलं टोकाचं उदाहरण. समजा, तुमचा कारागीर पगार घेत नाही, सूचना ऐकत नाही आणि मनाला येईल तेव्हाच काम करतो. तरी त्याच्याबरोबर धंदा होतो का?

कॅनडातल्या विनिपेगच्या आगानेथा डिक या कलाकार बाईंनी 1990च्या दशकापासून मधमाश्यांबरोबर काम केलं. चिनीमातीच्या तुटक्या-फुटक्या बाहुल्या त्या मधपेटीत ठेवायच्या आणि माश्या त्यावर पोळं बांधायच्या. काचेच्या एका लग्नाच्या पोशाखावरचं काम 1992 ते 1998 चाललं. सहा वर्षं, एकच पीस! 2007 मध्ये त्यांना कॅनडाच्या गव्हर्नर जनरलचा कला पुरस्कार मिळाला.

मग यात माणसाचं कसब कुठे? जागा सोडण्यात. माश्या साधारण 6 ते 9 मिलिमीटरची फट ये-जा करायला मोकळी ठेवतात, त्याहून जास्त जागा दिसली की तिथे पोळं बांधायला घेतात. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये हे हेरलं आणि आजची चौकटींची पेटी त्यावरच उभी आहे. म्हणजे वस्तू कुठे ठेवायची, भोवती किती अंतर सोडायचं आणि कधी बाहेर काढायची, एवढंच आपल्या हातात. टोमास लिबर्टिनी या डिझायनरने आधी मेणाचा साचा केला आणि सुमारे 40 हजार माश्यांनी आठवडाभरात त्यावर फुलदाणी उभी केली. ती न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. या पद्धतीला तो ‘स्लो प्रोटोटायपिंग’ म्हणतो. (नाव झकास आहे, मला तर हेवाच वाटला.)

आता हिशोब. मेण फुकट येत नाही हो! एक किलो मेण तयार करायला माश्या साधारण सहा ते आठ किलो मध खातात, असं धरतात. म्हणजे पेटी ज्याची आहे त्या मधपाळाचा तेवढा मध गेला. कोटेशनमध्ये ही रक्कम सगळ्यात वर लिहा, बाहुलीची किंमत नंतर.

आपल्याकडे करायचं असेल तर आणखी एक गोष्ट. सह्याद्रीतली सातेरी माशी फार त्रास झाला की पेटी सोडून निघून जाते. युरोपातून आलेली मेलिफेरा त्या मानाने टिकून राहते, त्यामुळे सुरुवात तिच्या पेटीवर आणि मधपाळाला सोबत घेऊनच करा. फुलोरा नसेल तर नवं पोळं जवळपास बांधलंच जात नाही. पावसाळ्यात तर आपणच त्यांना साखरेचा पाक देऊन जगवतो. तेव्हा कुणी गणपतीसाठी ऑर्डर घेऊन आलं, तर मागच्या मोसमातला तयार पीस दाखवा. नवीन पीससाठी अ‍ॅडव्हान्स घेतलात, तर पावतीवर तारीख न टाकता मोसम लिहा.