‘सर्व्हर डाऊन’च्या आत : नेटवर्क कार्डाची नोंदवही

कन्नडच्या तहसील आवारात किंवा रेशन दुकानासमोर ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द आता कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. सातबारा, पीकविमा, धान्यवाटप हेही ऑनलाइन गेले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी यंत्रणा अडली, तर शेतकऱ्याची मजुरी बुडते आणि नोंद राहिली तर पुढची मदतही अडते. म्हणून या दोन शब्दांच्या आत काय काय दडलेले असू शकते, हे पाहायला हवे.

पुष्कळदा सर्व्हर चालूच असतो. माहिती त्याच्यापर्यंत धड पोहोचत नाही. तिचे प्रवेशद्वार म्हणजे नेटवर्क कार्ड. मक्याच्या हंगामात मोंढ्यात माल दोन कारणांनी वाया जातो. एक, वाटेतच पोती फाटली. दुसरे, पोती शाबूत आहेत, पण ओट्यावर जागा नाही. कार्डही असाच दोन खात्यांत हिशेब ठेवते.

पहिले खाते ‘एरर’चे. माहिती फ्रेम नावाच्या तुकड्यांतून येते. साधी इथरनेट फ्रेम जास्तीत जास्त १५१८ बाइटची. तिच्या शेवटी ३२ बिटांची पडताळणी-संख्या असते. कार्ड आलेल्या माहितीवरून तीच संख्या पुन्हा काढते. मेळ बसला नाही, तर फ्रेम टाकून देते आणि सीआरसी एररचा आकडा एकने वाढवते. हा आकडा वाढत असेल तर संशय तारेवर घ्यावा : दबलेली केबल, सैल कनेक्टर, मळलेले फायबर, बिघडलेले पोर्ट.

दुसरे खाते ‘ड्रॉप’चे. इथे फ्रेम निर्दोष असते, पण ठेवायला जागा नसते. अनेक कार्डांना सुरुवातीला २५६ कप्पे दिलेले असतात. एक गिगाबिटच्या जोडणीवर लहानात लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार येऊ शकतात. त्या वेगाने हे कप्पे सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाहून कमी वेळात भरतात. तेवढ्यात प्रोसेसरने ते रिकामे केले नाहीत, तर पुढचा माल दारातूनच परत जातो.

दोन्हींचा परिणाम बाहेरून एकच दिसतो. पोच न मिळाल्याने पाठवणारा संगणक तीच माहिती पुन्हा पाठवतो आणि गर्दी झाली असे समजून वेगही कमी करतो. १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळच्याच विद्यापीठामधला वेग अशा कोंडीत सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला होता. वेग कमी करण्याची ही शिस्त व्हॅन जेकबसन यांनी त्यानंतरच घालून दिली. मात्र तिच्यामुळे सडकी केबलसुद्धा गर्दीसारखी भासते.

म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा. आकडे यंत्र सुरू झाल्यापासूनचे एकत्रित असतात. नुसता मोठा आकडा काही सांगत नाही. दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा वाचून फरक काढावा, एकदा गर्दीत आणि एकदा रात्री. रात्रीच्या तुरळक वाहतुकीतही एरर वाढत असतील, तर आधी केबल बदलावी, मग पोर्ट. एका वेळी एकच गोष्ट. सर्व्हरकडून बाहेर जाताना खराब झालेली फ्रेम त्याच्या कार्डाला दिसत नाही. तिची नोंद समोरच्या स्विचवर असते, म्हणून तिकडचेही आकडे पाहावेत. केवळ गर्दीतच ड्रॉप वाढत असतील, तर कप्पे वाढवावेत आणि कार्डाचे सगळे काम एकाच कोअरवर पडत नाही ना, ते तपासावे. कप्पे बदलताना जोडणी क्षणभर तुटू शकते. ते काम रात्रीच करावे.

एका दुखण्याचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. केबल खराब असताना लाखोंचा नवा सर्व्हर आणला, तरी पोती वाटेत फाटतच राहणार आणि रांग तिथेच उभी राहणार. तेव्हा ‘डाऊन’ म्हणून थांबण्याआधी दोन्ही खात्यांतले आकडे मागावेत.