विश्लेषण : जळालेल्या गाठींचा मालक कोण? ‘सॅल्व्हेज’ समुद्रातला आणि आपल्या दारातला

यवतमाळ : जिनिंगमध्ये आग लागते. बंब येतात, आग विझते. मग विम्याचा सर्व्हेअर येतो. काळवंडलेल्या, पाण्याने फुगलेल्या गाठींभोवती फिरतो, आकडे टिपतो आणि विचारतो, ‘सॅल्व्हेजचं काय करायचं?’ अपघातात चेंदामेंदा झालेल्या गाडीच्या मालकालाही हाच प्रश्न येतो. ‘भंगारच ना ते, बघा तुम्हीच,’ असे म्हणून बहुतेक जण सही करतात. पुढे रक्कम खात्यात आल्यावर कळते, की आकडा कमी आहे आणि भंगार मात्र आपल्याच अंगणात पडून आहे.

समुद्र कधी न पाहिलेल्या तालुक्यांत रुळलेला हा शब्द मूळचा दर्यावर्दींचा आहे. लॅटिनमधल्या ‘वाचवणे’ या अर्थाच्या क्रियापदातून तो निघाला. मराठीत ‘तारणे’ आहेच. पण ‘तारण’ म्हटले की आपल्याला सोसायटीचे कर्ज आणि सातबारा आठवतो, म्हणून इंग्रजी शब्दच टिकला असावा.

समुद्रात नियम काय?

जहाज संकटात आहे आणि वाचवण्याचे बंधन नसलेला कोणी स्वतःहून पुढे येऊन जहाज किंवा त्यावरचा माल वाचवतो. त्याला मोबदला मिळतो, त्याचे नाव सॅल्व्हेज. संकट खरे हवे, मदत स्वेच्छेची हवी आणि काहीतरी हाती लागायला हवे. प्रयत्न केला पण जहाज बुडाले, तर सहसा दमडी मिळत नाही. लंडनच्या लॉइड्सचा प्रसिद्ध करार १९०८पासून याच तत्त्वावर चालतो : वाचले नाही तर पैसे नाहीत. मोबदला वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त नसतो. तेलगळती रोखणाऱ्यांना मात्र १९८९च्या आंतरराष्ट्रीय कराराने वेगळी भरपाई देऊ केली, नाहीतर बुडत्या टँकरकडे कोण फिरकणार?

याच करारातला एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याचा जीव वाचवला, त्याच्याकडून पैसे मागता येत नाहीत. जुलै २०२३च्या पुरात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांना बाहेर काढले गेले. ती सुटका होती, सॅल्व्हेज नव्हे. सॅल्व्हेज वस्तूंचा असतो.

कापूस, दारूगोळा आणि सोने

आपल्याकडचे सर्वांत विलक्षण उदाहरण मुंबईचे आहे आणि त्यात कापूसही आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. पोटात कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी, सुमारे १,४०० टन स्फोटके आणि सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला. कापसाची गाठ कशी पेटते हे यवतमाळकरांना सांगायला नको. वरून पाणी मारले तरी ती आतल्या आत धुमसते. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली, त्यात ६६ अग्निशमन जवान होते. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ.

सोन्याच्या विटा उडून गोदीच्या गाळात गेल्या. एक वीट तर जवळपास मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली. ती त्यांची झाली का? नाही. वस्तू समुद्रात पडो, किनाऱ्यावर लागो की छप्पर फोडून घरात येवो, मूळ मालकाचा हक्क आपोआप संपत नाही. त्या गृहस्थांनी वीट परत केली. गाळातल्या विटा पुढे कित्येक वर्षे उपशात सापडत राहिल्या.

आणि जे जवान आगीत उतरले, ते सॅल्व्हेजचे मानकरी ठरत नाहीत. आग विझवणे हे त्यांचे कर्तव्यच होते. कायद्याचा हा भाग कोरडा वाटतो, पण तो तसाच आहे.

भारतात आज असे दावे २०१७च्या नौ-अधिकारिता कायद्याखाली उच्च न्यायालयात चालतात. जहाज अटकेत घेऊन विकले, तर खलाशांचा पगार आणि मृत्यू-जखमांची भरपाई यांच्यानंतर लगेच सॅल्व्हेजचा नंबर लागतो.

जमिनीवर अर्थ उलटतो

समुद्रात सॅल्व्हेज म्हणजे वाचवण्याचे काम आणि त्याचा मोबदला. विम्याच्या कागदावर तो शब्द नुकसानीनंतर उरलेल्या मालाला आणि त्याच्या किमतीला लागतो. समजा, १० लाखांचा कापूस जळाला आणि उरलेल्या भिजक्या मालाला दीड लाख मिळू शकतात. माल तुम्ही ठेवला, तर साडेआठ लाख हाताशी धरायचे, त्यातूनही पॉलिसीतली ठरलेली कपात जाणार. कंपनीने माल उचलला, तर दीड लाख वजा व्हायला नको. म्हणून खरा वाद दीड लाख कोणी आणि कसे ठरवले, यावर घालायला हवा. किती व्यापाऱ्यांचे भाव मागवले, हे लेखी विचारा. ओला कापूस चार दिवसांत सडू लागतो. किंमत ठरायला महिना लागला, तर तो तोटा कोणाचा, हेही तेव्हाच विचारा.

पीकविम्यात हा शब्द फारसा येत नाही, कारण तिथे भरपाई मुख्यतः महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते, तुमच्या वावरात काय उरले यावर नाही.

गाडीचे गणित

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांहून जास्त झाला, की ती पूर्ण नुकसान धरली जाते. आयडीव्ही दरवर्षी घसरते. तीन ते चार वर्षांच्या गाडीवर ४० टक्के घसारा लागतो. आयडीव्ही ४ लाख आणि सांगाड्याला १ लाख २० हजारांची बोली असेल, तर सांगाडा ठेवणाऱ्याला २ लाख ८० हजार, वजा ठरलेली कपात. गॅरेजवाला तोच सांगाडा दीड लाखाला मागत असेल, तर ठेवण्यात फायदा आहे. ऐंशी हजारांपुढे कोणी जात नसेल, तर कंपनीलाच नेऊ द्या.

नेऊ द्या, पण कागदासकट. आरसी तुमच्या नावावर असेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच आहात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. सांगाडा विकत घेणारा ती गाडी उभी करून रस्त्यावर आणू शकतो, किंवा तिचा चेसिस क्रमांक चोरीच्या गाडीवर चढवू शकतो. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. ती पोच आणि सांगाडा कोणाला, कोणत्या तारखेला दिला त्याची पावती, हे दोन कागद फाइलीत ठेवा. दुसऱ्या जिल्ह्यातून कधी चलन किंवा अपघाताची नोटीस आली, तर दाखवायला तेच लागतील.