गणपतीचं रिझर्वेशन आणि डेटाबेसची कमाल 🚆

कोकणच्या गाडीचं बुकिंग 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं. बोरिवलीची तिकीट खिडकी, मुलुंडमधला मोबाइल, घाटकोपरचा लॅपटॉप, सगळे एकाच क्षणी तुटून पडतात. तरी एक बर्थ दोघांना जात नाही. हे जमतं डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टीममुळे!

ती काय करते?

🔹 लॉकिंग: एका विनंतीचं काम चालू असताना त्याच बर्थवर दुसरीला हात लावू देत नाही.
🔹 ट्रान्झॅक्शन: बर्थ, प्रवाशाचं नाव, शिल्लक जागा या नोंदी एकत्र बदलतात, नाहीतर एकही बदलत नाही.
🔹 इंडेक्स: 10 अंकी पीएनआर टाकला की सगळ्या नोंदी न चाळता नेमकी तीच सापडते.
🔹 लॉग: मध्येच वीज गेली तरी पक्की झालेली नोंद परत मिळते.

1985 मध्ये दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झालं. त्याआधी सारा कारभार रजिस्टरांवर चालायचा. डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत मांडून त्यांचे संबंध जोडण्याची कल्पना एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडली.

कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींनो, अशा तक्त्यांतली माहिती हाताळायची भाषा म्हणजे एसक्यूएल, ती मनापासून शिका. बँक, रुग्णालय, रेल्वे, सगळीकडे तीच कामी येते! 💪