गळती शोधायची ती पुठ्ठ्याने

जेसीबीच्या बूमजवळचा होज पाइप ओलसर दिसला की ऑपरेटरचा हात आपसूक तिकडे जातो. तेल नेमकं कुठून येतंय, ते बोटांनी चाचपून पाहायचं. ही सवय मोडायलाच हवी. कारच्या टायरमध्ये साधारण 2 बार दाब असतो. बॅकहो लोडरच्या हायड्रॉलिक तेलावर तो 200 ते 250 बारपर्यंत जातो, मोठ्या एक्स्कॅव्हेटरमध्ये 350 च्या आसपास. इतक्या दाबाने सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेली धार डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण हातमोजा आणि कातडी भेदून ती आत शिरते.

जखम फसवी असते. बारीक ठिपका, रक्त नावाला, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत मात्र तेल पसरत जातं, रक्तपुरवठा अडतो, मांस मरू लागतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. अशा माणसाला मलम लावून पुन्हा सीटवर बसवणं हा गुन्हाच मानायला हवा. त्याला थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं आणि दाबाखालचं तेल आत गेलंय, हे डॉक्टरांना आधी सांगावं.

तपासणीपूर्वी बकेट जमिनीला टेकवायची, इंजिन बंद करायचं आणि यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे लिव्हर सगळीकडे हलवून अडकलेला दाब सोडायचा. नुसतं इंजिन बंद केल्याने दाब जात नाही. उचललेल्या बूमचं ओझं तेलावरच असतं. तेल निवलं की पाइप पाहायचा. फुगवटा, चिरा, घासलेली जागा, फिटिंगच्या तोंडाशी सरकल्याची खूण. आतली पोलादी तार दिसली तर पाइप त्याच दिवशी बदलायचा, कारण दाब पेलते ती तार, आणि उघडी पडली की ती गंजते. यंत्र चालू ठेवूनच गळती शोधायची वेळ आली तर चष्मा लावून, लांबून पुठ्ठा किंवा लाकडाची फळी फिरवायची. दाब असताना गळणारा नट पान्ह्याने आवळायचा नाही.

नवा पाइप घेताना त्यावर छापलेला दाब आणि उत्पादनाची तारीख वाचावी. जर्मनीच्या डीआयएन 20066 मानकात पाइपचं आयुष्य साठवणीचा काळ धरून 6 वर्षं मानलं आहे. यंत्र तासाच्या भाड्यावर असतं, मालकाचा फोन वाजत असतो, म्हणून मिळेल ते फिटिंग दाबून बसवलं जातं. पाइप आणि फिटिंग एकमेकांसाठी बनलेलेच हवेत. काढलेला पाइप तिथेच कापून टाकावा, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर चढणार नाही.